बांधावर पालथे पडणारे साहेब

आमच्या उंद्रीत बांधावर कोणी पालथं पडलेलं दिसलं की बघणारा आधी धावत सुटतो. साप चावला असेल, भोवळ आली असेल, नाहीतर भांडणात कोणी आडवं केलं असेल. चौथं कारण आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते साहेबांनी दाखवलं.

साहेब माझे भाडेकरू. घराच्या पुढच्या दोन खोल्या मी त्यांना दिल्या होत्या. सारी नोकरी त्यांनी जमिनी मोजण्यात काढली, त्यामुळे रिटायर झाले तरी गावासाठी ते मोजणीसाहेबच राहिले. बायको वारलेली, लेक अमरावतीला दिलेली. एक ट्रंक, एक काळी छत्री, एक कॅमेरा आणि एक बारदान, एवढ्या सामानानिशी ते आले. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, माणूस रिटायर झालं की लेकीजवळ जाते. तुम्ही उंद्रीत काऊन आले?"

तर म्हणाले, "वहिनी, जन्मभर मी बांध मोजले. दुर्बिणीतून मोजले, ताठ उभं राहून. खाली काय उगवलं होतं ते पाह्याचंच राह्यलं."

मला वाटलं, एकट्या माणसाचं होतं असं कधीकधी. मी चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सुरू झालं. सकाळी सातला पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, जसं काही कोणाच्या लग्नाला चालले. दहाला परत यायचे तेव्हा पाठीमागून साहेब आणि पुढून सालदार. पाठ कोरी करकरीत, पोट चिखलानं माखलेलं. आमची शेजारीण शांता म्हणायची, "बाई, यायच्या शर्टाची पुढची बाजू वेगळी भिजवा लागत असन."

ते करायचे काय, तर मोहरीएवढ्या फुलांचे फोटो काढायचे. मोहरीएवढी म्हणजे खरंच मोहरीएवढी. बांधावर, नालीच्या कडेला, पाऊलवाटेच्या मधोमध जी येतात, आपण ज्यांच्यावर पाय देतो किंवा खुरप्यानं उपटून फेकतो, ती. गुलाबाकडे, झेंडूकडे ढुंकून बघायचे नाहीत. "त्याले पाहणारे लय हायेत," म्हणायचे. कॅमेऱ्याला पुढून हे एवढं लांब भिंग. बारदान अंथरायचं, त्यावर पोटावर झोपायचं, कोपरं मातीत रोवायची आणि श्वास धरायचा. आपल्या श्वासानंसुद्धा ते फूल भिंगातून असं हलताना दिसतं म्हणे, जसं वादळात पिंपळ. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवलेली. तरी वारा कुठूनतरी शिरायचाच. मग साहेब ओरडायचे, "थांब ना बे! दोन मिनिटं थांबला तर काय तुह्यं बिघडते?"

हा माणूस आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही "अहो, सरका जरा" म्हणणारा. जन्मात कोणाला 'बे' म्हटलं असेल तर ते एकट्या वाऱ्याला.

फोटो चिखलीहून छापून आणायचे, पोस्टकार्डाएवढे. प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या शाईनं, सुबक अक्षरात: गट नंबर अमुक, पूर्वेचा बांध, विहिरीपासून बारा पावलं. पांढरं. नाव माहीत नाही. नोकरीत जशी नोंद करत तशीच. सगळे फोटो एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. नावासाठी मात्र त्यांचा जीव तुटायचा. पारावरच्या म्हाताऱ्यांना फोटो दाखवून विचारायचे, "याचं नाव काय हो?" म्हातारे म्हणायचे, "गवत हाये साहेब ते." साहेब म्हणायचे, "गवत हे आडनाव झालं. नाव सांगा."

भाजीचीही पंचाईत. मी बांधावरून चिवळ खुडून आणली की विळीवर बसायच्या आधी साहेब हजर. "थांबा वहिनी, चिरू नका." मग ती जुडी परातीत पसरून एकेक काडी बघणार. चिवळीला उन्हं चढली की पिवळं इवलंसं फूल येतं, दुपारी मिटतं, हे मला त्यांनी सांगितलं. जन्म गेला चिवळ खाण्यात, मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशीचं जेवण तीन वाजता झालं.

एकदा मात्र डोकी फुटायची वेळ आली होती. महादेव आणि गजानन दोघे चुलतभाऊ. दोघांच्या सोयाबीनमध्ये एकच बांध आणि त्या बांधावरून कितीतरी वर्षं बोलणं बंद. मी तिकडेच केन्याची रानभाजी खुडत होते. पाहते तर साहेब त्याच बांधावर पालथे, डोळ्याला यंत्र लावून. मोजणीवाला माणूस, वादाचा बांध, हातात यंत्र! आता तुम्हीच सांगा, आमच्या गावचा माणूस काय समजेल?

इकडून महादेव धावत आला, "ओ साहेब! कोणाच्या अर्जावर मोजणी चालू हाये?" तिकडून गजानन नांगराचं रुमणं घेऊन, महादेवाला, "हद्द सरकवून राह्यला का बे गुपचूप?"

"मी? तूच साहेबाले चहा पाजून आणलं असन!"

"चहा पाजणं तुह्या घरचा धंदा!"

आणि साहेब? ते श्वास धरून पडलेले, बोलणार कसे! त्यांनी नुसता डावा हात वर केला, शाळेतल्या मास्तरासारखा. दोघे थबकले. कॅमेरा खटकन वाजला. मग साहेब उठून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अर्ज याचा होता." बोटानं दाखवलं. एक जांभळं फूल, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान म्हणे.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यांनी ते मोठं करून दाखवलं. दोघे वाकले. पाच पाकळ्या, आत रांगोळीसारख्या रेघा, साहेब मोजून सांगत होते. मग महादेव म्हणाला, "हे माह्या बाजूचं हाये."

"काऊन? मूळ पाह्य ना, मूळ इकडं हाये!"

पुन्हा जुंपली! साहेबांनी जागेवरच निकाल दिला. "बांध दोघायचा असते. फूलही दोघायचं."

त्यांच्यात समेट झाला असं म्हणणार नाही; अजूनही एकमेकांच्या दारी जात नाहीत. पण तेवढ्या हातभर जागेवर दोघांपैकी कोणी तणनाशक मारत नाही. मारलं तर दुसरा म्हणेल, यानं माझं फूल मारलं.

घरी येणाऱ्या प्रत्येकाची साहेब परीक्षा घ्यायचे. चहाचा कप हातात दिला की डबा उघडणार. "यात लख्ख कुठं दिसते? बोट ठेवा." कारण त्यांच्या फोटोत सगळं कधी स्पष्ट नसायचंच. एखादी पाकळीची कड, एखादा परागाचा कण तेवढा धारदार, बाकी सगळं विरघळलेलं. शांता एकदा तोंडावर म्हणाली, "साहेब, अर्ध्याच्या वर फोटो तर धुरात गेला."

साहेबांना राग नाही आला. माझ्या सुपातला तांदळाचा दाणा उचलून म्हणाले, "इतकं जवळ गेलं ना, की या दाण्याच्या जाडीएवढंच लख्ख येते. पाकळीचं टोक धरलं तर आतली दांडी सुटते, दांडी धरली तर टोक सुटते. सगळंच पाह्याचं असन तर दूर उभं राहा. जवळ याचं असन तर काय सोडाचं ते आधी ठरवा."

मग माझी पाळी. मी बोट ठेवायची आणि म्हणायची, "हे काय, मधात." बहुतेक वेळा ते बरोबर यायचं.

आता खरं सांगते. मला त्या फोटोंत काहीच लख्ख दिसत नव्हतं. फोटोतच कशाला, कुठेच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षांपासून वाढत चाललेला. माणसं मी चालीवरून ओळखायची, पैशाची नोट लांबीवरून. सुईत दोरा शांता ओवून द्यायची आणि मला वाटायचं, तिला कळत नाही. भातात खडे लागायला लागले तर मी दुकानदाराला बोल लावले. गावात कधीकाळी माझ्या निवडलेल्या डाळीचं नाव होतं, लग्नाच्या घरातून बोलावणं यायचं डाळ-तांदूळ निवडायला. ते कोणत्या तोंडानं सांगू, की आता सुपात मला नुसतं पांढरं दिसतं?

आणि मुलगा. तो पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन, "आई, कशाला एकटी राहतेस? घराला कुलूप लाव अन् इकडं ये." माया होती त्यात, मी नाही म्हणत नाही. पण त्याचं घर सातव्या मजल्यावर. तिथं मी पंधरा दिवस राहून आले होते. खिडकीतून खाली बघितलं तर माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसती डोकी. डोळ्यांचं कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. शिवाय जिवंत डोळ्यात कोणी सुरी घालणार, या विचारानंच मी दवाखान्याची वाट टाळायची. म्हणून मी मनाची समजूत घातली होती की मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, अजून पिकायचा आहे. डॉक्टरला न विचारताच.

तर त्या वर्षी भादव्यात साहेब दोन दिवसांसाठी लेकीकडे गेले. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. अंगण साफ करायचं होतं. मी म्हटलं, साहेबांच्या बाजूचंही काढून टाकू, बिचारा एकटा माणूस, आल्यावर खूश होईल. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर गवत माजलं होतं. खुरपं घेऊन बसले आणि हातानं चाचपत चाचपत सगळं स्वच्छ केलं. निंदणाला हात बसलेला, त्याला डोळे कशाला लागतात! खडेगोटे होते तेही उचलून ढिगावर टाकले. वरून शेणाचा सडा.

साहेब आले. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "पाहा साहेब, आरशासारखं करून ठेवलं."

ते न्हाणीजवळ गेले. उकिडवे बसले. हातानं माती चाचपली. मग म्हणाले, "इथं तीन लाल दगड होते, वहिनी."

तेव्हा मला आठवलं. त्यांना तिथं एक रोप सापडलं होतं, पांढऱ्या फुलाचं. सगळ्या तालुक्यात दुसरीकडे दिसलं नाही म्हणाले होते. पंधरा दिवस ते त्याच्या कळ्या मोजत होते. आणि जायच्या आदल्या दिवशी तीन खडे गेरूनं लाल रंगवून त्याच्याभोवती ठेवले होते, हद्दीचे दगड ठेवतात तसे. मला बोलावून सांगितलंही होतं, "ही याची हद्द. एवढं सोडून द्या." मी हो म्हटलं होतं. पण खरं सांगायचं तर मला तिथं ना रोप दिसलं होतं ना दगड.

वाटलं, आता हा माणूस ओरडणार. त्यांनी ढिगातून एक खडा शोधला, धुतला, आणि माझ्यासमोर हातभर अंतरावर धरला. "याचा रंग सांगा."

"दगडाचा रंग काय सांगाचा? दगडासारखा."

साहेब आत गेले, डबा घेऊन आले आणि एक फोटो माझ्या हातात दिला. "लख्ख कुठं दिसते?"

मी बोट ठेवलं. "हे काय, मधात."

"मधात धुकं हाये, वहिनी. या फोटोत मधात काहीच नाही. खाली कोपऱ्यात एक मुंगी हाये. तेवढीच दिसते, मिशांसकट."

आजही तो क्षण आठवला की कान तापतात. चोरी पकडल्यासारखं झालं. आणि माणूस चोरीत सापडला की आधी चिडतो. मी तडातडा बोलले. "तुमचे फोटोच धुरकट! कोणाले समजतात ते? चिखलात लोळता अन् आमची परीक्षा घेता! महिनाअखेर खोल्या खाली करा माह्या!"

"करतो," साहेब म्हणाले. एकदम शांतपणे. "पण एक सांगा. पोराले काऊन नाही सांगितलं?"

मग माझ्यानं राहवलं नाही. न्हाणीच्या दगडावर बसून सगळं सांगितलं. कुलूप, सातवा मजला, सुरी, पिकणं, सगळं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे घर सुटू नये म्हणून लपवून राह्यल्या. अन् उद्या पूरं दिसेनासं झालं म्हणजे? मंग तर पोरगं उचलूनच नेईन. तुम्ही नाही म्हणाल तर कोणतं तोंड करून म्हणाल?"

मी न्हाणीचा दगड नखानं खरवडत राहिले.

"सुरीचं म्हणाल तर मी रोज भिंग बदलतो कॅमेऱ्याचं. धुरकटलेलं काढाचं, साफ बसवाचं. तुमचं एकदाच बदलाचं हाये. महालक्ष्म्या होऊ द्या. मी येतो संग. नंतर तुम्हाले दिसलं, की मंग खोल्या खाली करतो. तोवर नाही."

महालक्ष्म्या झाल्या आणि आम्ही एस्टीनं बुलढाण्याला गेलो. सारा रस्ता मी पदराची गाठ सोडत-बांधत होते. डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाले, "आजी, पिकायची वाट बघायचे दिवस गेले. आता उलट लवकर काढलेला बरा. एवढं थांबायला नको होतं." मला चोरट्यासारखं झालं. साहेब भिंतीवरची पाटी वाचत बसले, जसं काही ऐकलंच नाही.

फॉर्म भरताना नर्स म्हणाली, "सोबत कोण? नातं सांगा."

साहेब म्हणाले, "भाडेकरू."

नर्स हसायला लागली. "असं नातं नसते हो बाबा. या रकान्यात काय लिहू?"

साहेब म्हणाले, "मंग भाऊ लिहा. आमच्या दोघायच्या खोल्यायले भिंत एकच हाये."

ऑपरेशन म्हणाल तर काही नाही. एक उजेड दिसत राहिला आणि कोणीतरी "हलू नका आजी" म्हणत राहिलं. मी आपोआप श्वास धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली.

सगळे विचारतात, आधी काय दिसलं? देव दिसला का, लेकरू दिसलं का? मला दिसलं साहेबांच्या शर्टाचं तिसरं बटण. पांढरा शर्ट, पांढरं बटण, आणि ते टाचलेलं काळ्याभोर दोऱ्यानं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मी हसूनच बोलले, "अव्वा! साहेब, हे बटण कोण्या आंधळ्यानं लावून देल्लं?"

साहेब खाली मान घालून बटणाकडे बघत राहिले.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आखाडात त्यांचं बटण तुटलं होतं. मीच म्हटलं होतं, आणा इकडे, दोरा ओवलेली सुई तयारच आहे. मीच लावून दिलं होतं आणि "घ्या, नवं करून देल्लं" म्हणाले होते. तेव्हापासून हा माणूस तो शर्ट घालून गावभर फिरला होता. शांतानं हसून विचारलं असेल, चिखलीच्या फोटोवाल्यानं विचारलं असेल. त्यांनी दोरा बदलला नाही आणि मलाही काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांना आखाडातच कळलं होतं. मी आपणहून सांगेन म्हणून दोन महिने वाट बघत होते, कळी उघडायची बघतात तशी.

मी डोळे पुसायला हात नेला तर नर्स ओरडली, "हात लावू नका!"

महिन्यानं डावा डोळाही झाला. घरी आल्यावर मी आरसा बघितला आणि शांताला म्हटलं, "एवढ्या सुरकुत्या आल्या अन् तू सांगितलं नाही?" ती म्हणाली, "मले वाटलं तुमच्या तुम्हाले माहीत असन!" कोळिष्टकं काढली, डब्यांचा मेणचटपणा घासला, दुकानदाराची जाऊन माफी मागितली. मुलाला मी स्वतःच फोन केला. आधी रागावला. मग नेहमीचा कुलपाचा विषय काढला त्यानं. मी म्हटलं, "बाबू, तांदळातला खडा मले आता खाटेवरून दिसते. कुलूप कशाले?" तो हसला. आता रविवारी फोन येतो तेव्हा कुलपाचं नाव नसतं.

आणि तो फोटो मी पुन्हा मागून घेतला. खाली कोपऱ्यात खरंच मुंगी होती. लाल, मिशांसकट, एक पाय उचललेला. बाकी सगळं दुधासारखं विरघळलेलं. आता समजलं मला, धूसर ठेवणं आणि धूसर दिसणं यात किती अंतर असतं ते.

साहेबांनी शब्द पाळला. मी शंभरदा म्हटलं, साहेब, ते रागाच्या भरात बोलले मी, खोल्या तुमच्याच. तर म्हणाले, "राग नाही वहिनी. इथले बांध झाले. दुसरबीडकडं माती वेगळी हाये, तिकडं वेगळं उगवत असन." उन्हाळ्यात गेले. ट्रंक, छत्री, कॅमेरा, बारदान. एस्टीत चढताना त्यांनी माझ्या हातावर तीन लाल खडे ठेवले. एवढे दिवस त्यांनी ते जपून ठेवले होते, मला ठाऊक नव्हतं.

अजून फोन येतो त्यांचा. पहिला प्रश्न, डोळे कसे हायेत. दुसरा, काही उगवलं का.

यंदा आखाडात दोन दिवस झड लागली आणि उघडली. सकाळी मी न्हाणीतून तोंड धुऊन निघाले तर पाण्याच्या वाटेवर, दगडाच्या फटीत, काहीतरी पांढरं. मोहरीएवढं. मी जागच्या जागी थांबले. उभ्यानं दिसलं मला ते! मी उपटलं तेव्हा बी पडलं असणार मातीत, नाहीतर कसं यावं?

आत जाऊन देवळीतले तीन खडे आणले आणि भोवती ठेवले. मग इकडेतिकडे बघितलं, गल्लीत कोणी नव्हतं. गव्हाचं रिकामं पोतं अंथरलं आणि या वयात गुडघे टेकत, कण्हत, अंगणात पालथी पडले. चार पाकळ्या होत्या. मधे हिरवट ठिपका. एका पाकळीच्या कडेवर पाण्याचा थेंब अडकलेला, टाचणीच्या टोकाएवढा, आणि त्या थेंबात माझी न्हाणी उलटी दिसत होती.

तेवढ्यात फाटकातून शांताची किंकाळी. "अगं माय! बाई पडल्या! धावा हो कोणी!"

"पडली नाही," मी वळून न बघता म्हटलं, "हालू नको तिथून. वारा लागते."

"काय करून राह्यल्या पण?"

मी श्वास धरला होता, बोलणार कशी! नुसता डावा हात वर केला. फूल स्थिर होत आलं होतं. आता थेंब पुन्हा लख्ख दिसेल, आता त्यातली न्हाणी दिसेल, आणि नेमकी छपराच्या कवेलूवरून एक झुळूक उतरली आणि सगळं डोलायला लागलं.

आयुष्यात मी कोणाला अशा शब्दानं हाक मारली नव्हती.

"थांब ना बे!" मी म्हटलं.